टाचणीकाकूचे बावीस मीटर

माझ्या काकूला घरात आणि घराबाहेर सगळे टाचणी म्हणतात. नाव माझ्या वडिलांनी ठेवलं, म्हणजे तिच्या धाकट्या दिरानं. काकू शिवणकाम करते. कापड जुळवताना दहा-बारा टाचण्या ओठांत धरायच्या आणि तशाच धरून बोलत राहायचं, ही तिची जुनी खोड. वडील म्हणायचे, "वहिनीच्या तोंडातून टाचणी पडली की शब्द, हे टोचल्याशिवाय कळत नाही." काकूला ते नाव मनातून आवडलं होतं. तोंडावर तिला टाचणी म्हणायची मात्र कुणाची छाती नाही.

तिचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. पण तो उगाच नसतो, हे मला चाळिशी उलटल्यावर कळायला लागलं. एका गिऱ्हाइकानं "आजच्या आज हवी" म्हणून तिच्याकडून घाईनं पँट शिवून घेतली आणि मग तीन आठवडे न्यायला फिरकला नाही. आला तेव्हा तिनं त्याच्यासमोर सगळी शिलाई उसवली आणि तुकडे घडी करून त्याच्या हातात दिले. "कापड म्हणून आणलं होतंस, कापड म्हणून ने." दुसऱ्याचा वेळ फुकटचा समजणाऱ्या माणसाला तिच्या राज्यात माफी नाही.

ती आणि काका तळमजल्यावर राहतात, मी माझ्या बायकोसह त्यांच्या डोक्यावर. तळमजल्याची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. खिडकीला चिकटून शिलाई मशीन, खिळ्याला अडकवलेली कात्री, भिंतीला टेकलेलं कापड कापायचं फळकूट आणि मापांची एक जाड वही. अर्ध्या गल्लीची कंबर तिला तोंडपाठ आहे. कुणी बारीक झालोय म्हणून मिरवायला लागला की ती वही उघडायला उठते, आणि तो माणूस विषय बदलतो.

त्या खिडकीबाहेर आमचा रस्ता. सात मीटर रुंद. दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारा आडवा तुकडा, त्यामुळे सिग्नल चुकवणारं अख्खं शहर आमच्या दारातून जातं. आमच्या घराच्या थोडं अलीकडे एक वळण आहे. तिथे बंद पडलेल्या गोदामाची उंच भिंत आहे, म्हणून वळण संपेपर्यंत पलीकडचं काही दिसत नाही. आणि अशा रस्त्यावर वेगाची मर्यादा होती पन्नास. खांबावर गोल फलक, त्यात लाल कड्यात पन्नास. ज्यानं तो आकडा ठरवला त्यानं आमची गल्ली नकाशावर पाहिली असणार, आणि तीही चहा पिता पिता. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. माझं डोकं तो फलक आठवला की आजही फिरतं.

काका प्लंबर होते. या गल्लीखालचा पाइप न् पाइप त्यांच्या ओळखीचा. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा पाय ओढत राहिला आणि जीभ अडखळायला लागली. डॉक्टर म्हणाले, "आता माझ्या गोळ्यांपेक्षा दोनच औषधं महत्त्वाची. रोज चालायचं आणि रोज बोलायचं." चालणं जमलं, काठी घेऊन. बोलणं अडलं. त्याला जबाबदार आम्ही. काका "मला ज..." म्हणाले की आम्ही म्हणणार, "जेवण? आणते हं." माणसाला काय म्हणायचंय ते आम्हीच बोलून मोकळे. प्रेमापोटीच हो, पण त्या प्रेमानं त्यांचं तोंड बंद केलं.

ते उघडलं समोरच्या सलूनवाल्यानं. त्याचं दुकान बरोबर आमच्या दारासमोर, रस्ता ओलांडला की पायरी. त्याच्याकडे तिसरी खुर्ची मोडकी असते, ती काकांची. काका वाक्य सुरू करायचे आणि सलूनवाला हातातला वस्तरा हवेत थांबवून उभा राहायचा. गिऱ्हाइकाच्या गालावर फेस वाळला तरी चालेल, पण काकांचं वाक्य पुरं होईपर्यंत तो हलायचा नाही. गिऱ्हाईकही बिचारं गप्प बसायचं. वस्तरा त्याच्याच गळ्याजवळ असायचा ना. तर असं करत करत काका तिथे पाण्याच्या दाबावर, मॅचवर आणि पालिकेवर भांडायला लागले. घरी येऊन काकूला म्हणाले, "आज मी... त्याला... गप्प केलं." काकू त्या दिवशी मशीनवर बसून गुणगुणत होती. मी पहिल्यांदाच ऐकलं, बरंच बेसूर होतं.

रोज सकाळी आठ-साडेआठला जायचं, अकराला परत यायचं. सात मीटरच्या रस्त्याला काकांना चोवीस सेकंद लागायचे. काकूनं घड्याळ लावून मोजलं होतं. तिनं सोबत यायचं नाही, ही काकांची अट. "मी... काय... पिशवी आहे?" म्हणाले. ती खिडकीत बसायची, पाय मशीनच्या पायट्यावर, नजर रस्त्यावर, आणि तेवढा वेळ सुई चालायची नाही.

एका सकाळी काका रस्त्याच्या मध्यावर असताना वळणावरून एक मोटार आली. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि काकांच्या काठीला लागून थांबली. काठीचे दोन तुकडे झाले. काका पडले नाहीत, पण तोल सावरताना रस्त्यावरच मटकन बसले. मोटारवाल्यानं काच खाली केली आणि काय म्हणावं? "आजोबा, या वयात घरात बसावं की." काच वर केली, गाडी बाजूनं काढली आणि गेला. काकू धावत बाहेर येईपर्यंत नंबरही दिसेना. तिच्या हातात कात्री होती. तो थांबला असता तर आज मी तिची गोष्ट तुरुंगाच्या भेटीच्या खोलीतून सांगत असतो.

नवी काठी आणली. पण काका पलीकडे जाईनात. अकरा दिवस गेले. त्यांचे शब्द कमी होत होत तीनवर आले: "हो", "नको" आणि "राहू दे". सलूनवाला दोनदा इकडे येऊन बसला, पण काका त्याच्याशीही "राहू दे"च्या पुढे जाईनात. बाराव्या दिवशी काकू जिना चढून वर आली. ती गुडघ्यांमुळे कधी वर येत नाही.

"माझा माणूस परत चाललाय," ती म्हणाली. "त्या पन्नासनं नेलाय त्याला. तो आकडा मला खाली आणायचाय. तुझ्या गाडीच्या परवान्याचं ते पुस्तक आहे का रे अजून?"

मी औषधांच्या खोक्यांची व्हॅन चालवतो, सकाळी वितरकाकडून उचलायची आणि दुकानादुकानांत उतरवायची. पुस्तक होतं. त्यात गाडी किती वेगात असली तर किती अंतरात थांबते याचा तक्ता होता. तो मीच तिला वाचून दाखवला. पन्नासला पस्तीस मीटर. चाळीसला सव्वीस. तीसला अठरा. तिनं ते मापांच्या वहीत, कुणाच्या तरी पँटच्या मापाखाली लिहून घेतलं. मग खाली गेली आणि कपडे मोजायची टेप घेऊन रस्त्यावर उकिडवी बसली. वळणावरच्या ड्रायव्हरला काका जिथून पहिल्यांदा दिसतात तिथपासून काका ओलांडतात तिथपर्यंत, दीड-दीड मीटर करत, खडूनं खुणा करत तिनं रस्ता मोजला. गाड्या हॉर्न मारत होत्या आणि ती त्यांना टेप दाखवत होती. चौदा टेप आणि वर एक मीटर. बावीस मीटर.

"म्हणजे तीसनं आला तर थांबतो," ती उठत म्हणाली. "चार मीटर राखून थांबतो. पन्नासनं आला तर यांच्या अंगावरून तेरा मीटर पुढे जाऊन थांबतो. यात आता न कळण्यासारखं काय आहे?"

पालिकेच्या वाहतूक विभागात ते कुणालाच कळलं नाही. चष्मेवाल्या कारकुनानं अर्ज उलटा-सुलटा करून विचारलं, "या रस्त्यावर अपघात किती झालेत?"

"माझ्या नवऱ्याची काठी मोडली."

"काठीचा अपघात धरत नाहीत. जखमी किती? मयत किती?"

"एकही नाही."

"मग?"

"मग काय, आधी मरून येऊ?" काकूचा आवाज असा चढला की शेजारच्या टेबलावरचे जन्मदाखलेवाले उभे राहिले. "किती लागतात तुम्हाला? एक चालेल की दोन आणू?"

कारकुनानं घाईघाईनं शिक्का मारला. मोजणी होईल, म्हणाला. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण काही कुणी गमतीनं केलेली नाही. साडेपाच महिन्यांनी खांबावर कागद चिकटला की अमुक दिवशी वाहनांच्या वेगाची मोजणी करण्यात येईल.

आता पुढे जे घडलं त्यात आमचा मूर्खपणा एवढा आहे की सांगताना माझाच तिळपापड होतो. कागद वाचून काकूनं अख्खी गल्ली उठवली. मोजणीला माणसं येणार, तर त्यांना दिसलं पाहिजे की इथे किती लोक राहतात, किती म्हातारे आहेत, किती जण जिवावर उदार होऊन रस्ता ओलांडतात. मोजणीच्या दिवशी सकाळी सात वाजल्यापासून आम्ही रस्त्याच्या दोन्ही कडांना. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं बारा खुर्च्या आणल्या. मधल्या घरातली नर्स पांढऱ्या गणवेशात येऊन बसली. काकांना काकूनं इस्त्रीचा शर्ट घातला आणि हात धरून बाहेर आणलं. एवढी माणसं बघून त्यांना धीर आला आणि कित्येक महिन्यांनी ते एकटे पलीकडे गेले. एकदा नाही, चार वेळा. मोजणीवाल्यांना नीट दिसावं म्हणून.

मोजणीला दोन तरुण आले होते, तिपाईवर यंत्र लावून बसले. आम्ही त्यांना चहा दिला. वळणावरून गाडी आली की तिच्या ड्रायव्हरला दोन्हीकडे पन्नास-साठ माणसं, खुर्च्या, नर्स आणि यंत्र दिसायचं. गाड्या मुंगीच्या पावलानं जायच्या. काका ओलांडायला लागले की थांबायच्या, एकानं तर काच खाली करून त्यांना नमस्कार केला. आणि आम्ही टाळ्या वाजवल्या हो! कुणाच्याही, अगदी कुणाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. संध्याकाळी काकू म्हणाली, "झालं काम. आता बघू कसे नाही म्हणतात."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. शंभरातली पंच्याऐंशी वाहने ताशी एकोणतीस किलोमीटर किंवा त्याहून कमी वेगाने जाताना आढळली. वाहनचालक पादचाऱ्यांसाठी थांबत असल्याचेही निदर्शनास आले. तक्रारीत तथ्य नाही. प्रकरण बंद.

यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. काकूनं पत्र दोनदा वाचलं. मग खिडकी उघडून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "गाढवं आहोत आपण! आणि त्या गाढवांची पुढारी मी!" मला वाटलं आता तरी ती रडेल. ती मशीनवर बसली आणि ज्या वेगानं तिनं पडद्यांच्या कडा शिवल्या, त्या वेगाला मर्यादा घालायला हवी होती.

गल्ली खुर्च्या उचलून घरात गेली आणि काकांचं पलीकडे जाणं पुन्हा थांबलं. दुसऱ्या मोजणीसाठी कारकून म्हणाला, "दोन वर्षं अर्ज करता येत नाही." काकू म्हणाली, "अर्ज कुठे करतेय? मी बसलेय." दर मंगळवारी ती तुरपाईचं काम पिशवीत घालून वाहतूक विभागाच्या साहेबांच्या दारासमोरच्या बाकावर जाऊन बसायची. काही मागायची नाही. फक्त येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची की आम्ही गल्लीतले लोक किती बावळट, यंत्रासमोर कसे नटून बसलो, आणि साहेब किती हुशार, त्यांनी नटलेलं यंत्रात मोजून खरं मानलं. हसू सगळ्या मजल्यांवर पसरलं. सहाव्या मंगळवारी साहेबांनी तिला आत बोलावलं.

"बाई, पुन्हा मोजतो. पण या वेळी दिवस सांगणार नाही. खांबावर पेटी लावू, ती आपोआप टिपते."

"तेच तर सांगत होते," काकू म्हणाली.

पेटी लागलेली पहिल्यांदा नर्सनं पाहिली, रात्रपाळीवरून घरी येताना. तिनं काकूचं दार वाजवलं. सात वाजायच्या आत काकूचा हुकूम घरोघर पोचला: कुणी रस्त्याकडेला दिसायचं नाही, कुणी पेटीकडे बघत उभं राहायचं नाही, जे रोज करता तेच करा. पडदे ओढले गेले. काका खिडकीत बसले. रस्ता मोकळा बघून गाड्या ज्या सुटल्या त्या सुटल्या. सू करून एखादी गेली की काकू मशीनवरून म्हणायची, "जा रे बाबा, जा, अजून जोरात जा." माझी बायको सांगत होती की इतक्या महिन्यांत काकूला एवढं खूश तिनं पाहिलं नव्हतं. मी त्या दिवशी वितरकाकडून खोकी भरून आठ वाजून बारा मिनिटांनी आमच्याच गल्लीतून गेलो. हे इतकं नेमकं मला नंतर कळलं.

निकाल ऐकायला साहेबांनी बोलावलं तेव्हा काकू मला म्हणाली, "तू चल. मी बोलायला लागले की जास्त बोलते." मी गेलो. आणि जास्त बोललो ते मीच. साहेब कागद पुढे ओढून म्हणाले, "पंच्याऐंशी टक्के वाहनं चोपन्नच्या आत आहेत. म्हणजे बहुतेक लोक या रस्त्यावर पन्नासच्या आसपासच जातात. लोक ज्या वेगानं जातात त्याच्या जवळची मर्यादा ठेवायची, हा नियम आहे. तीस कुणी पाळणार नाही."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभा राहिलो. "म्हणजे हळू गेले तर मर्यादेची गरज नाही, आणि जोरात गेले तर मर्यादेचा उपयोग नाही? नियम आहे की फास? माझे काका वर्षभर घरात कोंडून पडलेत! जे असे भरधाव जातात ना, त्यांचे परवाने काढून घ्या! एकेकाला त्या रस्त्यावर उलटं टांगलं पाहिजे!"

साहेब शांत होते. तेच मला जास्त झोंबलं. त्यांनी दुसरा कागद काढून आमच्याकडे वळवला. "या पेटीला नंबरही टिपता येतात. हे सगळ्यात वेगवान वीस. यातले नऊ जण तुमच्याच गल्लीच्या पत्त्यावरचे आहेत. आता तीसचा फलक मी लावीन हो, पण कुणासाठी?"

पहिल्या ओळीत होतं: एकाहत्तर. आठ वाजून बारा मिनिटं. पांढरी व्हॅन. पुढे माझा नंबर.

पाचव्या ओळीत किराणावाला होता. नर्सचा नवराही होता, पण ते मी नंतर वाचलं. त्या क्षणी मला फक्त पहिली ओळ दिसत होती. त्या सकाळी एका औषधवाल्याचे तीन फोन आले होते, उशीर झाला होता आणि काकूच्या हुकमानं रस्ता मोकळा होता. वळणावर माझा पाय ब्रेककडे गेलाही नव्हता. तक्ता वाचून दाखवणारा मी, अर्जावर पहिली सही माझी, आणि काका खिडकीत बसलेले असताना त्यांच्यासमोरून एकाहत्तरनं गेलो तोही मीच. लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि स्वतः कोरडे पाषाण. उलटं टांगायचं होतं ना मला? दोर तिथेच मिळाला असता तर बरं झालं असतं.

काकूला माझा नंबर पाठ आहे, व्हॅन तिच्याच खिडकीखाली उभी असते. तिनं ती ओळ वाचली. माझ्याकडे पाहिलं नाही. मी हळूच खाली बसलो.

"मधला मार्ग काढू," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज आता मऊ झाला होता, जिंकल्यावर होतो तसा. "चाळीस करतो. तुमचंही राहिलं, नियमाचंही राहिलं."

"चाळीसला गाडी सव्वीस मीटरला थांबते," काकू म्हणाली. "आमच्याकडे बावीस आहेत."

"अहो बाई, चार मीटरनं काय होतं?"

काकूनं गळ्यातली टेप काढली आणि साहेबांच्या टेबलावर कागदांवरून लांब पसरली. "ही दीड मीटर. चार मीटरमध्ये आडवी झोपवली तर दोन माणसं मावतात, साहेब. मी तीस वर्षं माणसांची मापं घेतेय."

साहेबांनी टेपखालून आपला कागद सोडवून घेतला आणि त्यावर चाळीस लिहिलं.

घरी येताना ती व्हॅनमध्ये माझ्या शेजारी बसली होती. मी वीसच्या वर गेलो नाही. मागून हॉर्न वाजत होते. ती काही बोलेल, शिव्या देईल, तोंडातल्या सगळ्या टाचण्या माझ्यावर रिकाम्या करेल, याची मी वाट बघत होतो. ती टेपची गुंडाळी सोडत आणि पुन्हा करत बसली. दारात उतरताना म्हणाली, "यांना सांगू नकोस." मी म्हणालो, "काका खिडकीत होते गं. त्यांना माहीत असेल." ती थबकली. त्यांनी इतके दिवस तिलाही सांगितलं नव्हतं. आमच्या घरात ज्याला बोलता येत नाही तोच एक माणूस कुणाची अब्रू राखून होता.

चाळीसचा फलक लागला. किराणावाल्यानं खांबाखाली उभं राहून फोटो काढून घेतला. "दहा तर दहा, कमी झाले ना," म्हणाला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला. मी त्याला पाचव्या ओळीबद्दल विचारलं तर तो म्हणाला, "मी रोज नाही हं जोरात जात." रोज कुणीच जात नाही. सगळे त्या दिवशीच गेले होते म्हणायचं.

दुसऱ्या सकाळी आठला मी व्हॅन काढली आणि वळण संपतं तिथे आडवी लावली. अख्खा रस्ता बंद. आपत्कालीन दिवे लावले आणि काकांच्या दारात जाऊन म्हणालो, "काका, चला. कुणी येत नाही." ते माझ्याकडे बघत राहिले. मग उठले. मी हात पुढे केला, तो त्यांनी काठीनं बाजूला केला. आणि निघाले. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले, एक जण उतरून माझ्या अंगावर धावून आला. मी त्याला म्हणालो, "मार. पण गाडी हलणार नाही." पलीकडे सलूनवाला वस्तरा खाली ठेवून पायरीवर येऊन उभा होता. काका पायरीपाशी पोचले, वळले आणि त्या सगळ्या गाड्यांकडे बघून म्हणाले, "आता... जा." कित्येक महिन्यांनी त्यांचा चौथा शब्द बाहेर आला होता. मला हसायलाही आलं आणि रडायलाही, आणि मी दोन्ही केलं नाही, कारण खिडकीत काकू होती.

तेव्हापासून रोज सकाळी मी व्हॅन आडवी लावतो. दोनदा दंड झाला, वाहतुकीला अडथळा केला म्हणून. आमच्या रस्त्यावर वाहतूक विभागानं पकडलेला पहिला माणूस मी, आणि तोही उभ्या गाडीत. भरतो दंड, मला लागू आहे तो. काकूनं पहिले चार दिवस माझ्याशी शब्द काढला नाही. पाचव्या दिवशी काका पलीकडे पोचल्यावर ती बाहेर आली आणि व्हॅनच्या काचेवर टिचकी मारली. मला वाटलं, सुटलो.

"जाताना तू आहेस," ती म्हणाली. "अकराला येताना कोण आहे?"

तिनं उत्तराची वाट बघितली नाही. अकराला ती स्वतः बाहेर येते आणि वळणाच्या तोंडाशी रस्त्यात उभी राहते, अंगावर लाल कापडाचा एक मोठा तुकडा टाकून, म्हणजे निदान ती तरी आधी दिसावी. म्हणजे बावीस मीटर आता तिच्यापासून मोजायचे. सत्तरीची बाई, गुडघे गेलेले. मी तिला म्हणालो, "काकू, तुला कोण वाचवणार?" ती म्हणाली, "एकाहत्तरनं येणाऱ्याला विचार."

अकरा वाजता मी शहराच्या दुसऱ्या टोकाला खोकी उतरवत असतो. तेव्हा फोन वाजला की हातातलं खोकं तसंच टाकून मी आधी नंबर बघतो. आजवर तो फोन दर वेळी कुठल्या ना कुठल्या औषधवाल्याचाच निघालाय, आणि तो एकच गोष्ट सांगतो: "कुठे आहात? उशीर झालाय, जरा जोरात या."